लाट वर आली की पाय टाका

लक्षद्वीपच्या वाटेवर पहिला अडथळा आला तो समुद्राचा नव्हे, पोलीस ठाण्याचा. तिथल्या बेटांवर पाऊल ठेवायला प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागतो. माझी आई एक्काहत्तर वर्षांची. ठाण्यातल्या हवालदारांनी तिचा अर्ज वरखाली पाहिला आणि हसत विचारलं, "आजी, काही गुन्हा वगैरे?" आई म्हणाली, "अजून तरी नाही. पण तुम्ही फार वेळ बसवलंत तर सांगता येत नाही." दाखला त्याच आठवड्यात मिळाला.

आम्ही पाच जण होतो. आई, मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि पाचवीतला धाकटा. नाताळच्या सुट्टीचा मुहूर्त. 'समुद्रम्' नावाची पाच दिवसांची सरकारी सहल असते: कोचीहून जहाजात बसायचं, दिवसा एकेक बेट पाहायचं, रात्री झोपायला परत जहाजावर. तीन बेटं, चार रात्री. आईच्या गुडघ्याला हे झेपेल, असं बुकिंग करून देणाऱ्या एजंटानं छातीठोकपणे सांगितलं होतं. "मॅडम, सगळं बसून आहे. चालायचंच नाही." चालायचं नव्हतं हे खरं. त्याऐवजी काय करायचं होतं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

पहिला दिवस: कोची

विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर सकाळीच जाऊन बसलो. कोची बंदर खोल करताना जो गाळ उपसला, त्याच्या भरावातून हे बेट मोठं झालेलं. म्हणजे बेटं पाहायला निघालो ते माणसानं घडवलेल्या बेटावरूनच. लेकीला हे फार आवडलं. धाकट्याला खिडकीतून दिसणारी क्रेन आवडली.

परवाने, ओळखपत्रं, सामान, पुन्हा परवाने. या सगळ्यात दोन-तीन तास गेले. आमच्यासारखे टोप्या-गॉगलवाले पर्यटक थोडे, बाकी सगळे बेटांवर घरी परतणारे लोक. त्यांचं सामान पाहण्यासारखं होतं. अंड्यांचे ट्रे दोरीनं बांधलेले, केळ्यांचा अख्खा घड, औषधांची पिशवी, प्लास्टिकात गुंडाळलेली लहान मुलाची नवी सायकल. आईच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन करून परत चालले होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "आमच्याकडे दोनच गोष्टी घरच्या. नारळ आणि मासा. बाकी सगळं याच जहाजानं येतं."

लेकीनं हे वाक्य मनावर घेतलं. त्यानंतर पाचही दिवस ती प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून म्हणायची, "ही पण जहाजानं." सिमेंट, कांदा, शाळेची पुस्तकं, रिक्षा. एका ठिकाणी गाय बघितली तेव्हा मात्र तिनं वाद घातला नाही.

आमचं जहाज 'एम. व्ही. कवरत्ती'. विशाखापट्टणमला बांधलेलं, सातशे प्रवाशांचं. चार बंकांची केबिन मिळाली. धाकटा वरच्या बंकवर चढला तो पुढची पाच मिनिटं खालीच येईना. नंतर चढला नाही, कारण वरची हालचाल जास्त जाणवते हे त्याला रात्री कळलं. पाचव्या माणसाला, म्हणजे नवऱ्याला, शेजारच्या केबिनमध्ये तीन अनोळखी सद्गृहस्थांसोबत जागा मिळाली. त्यातले एक घोरतात ही बातमी आम्हाला भिंतीतूनच समजली.

दुपारी भोंगा वाजला. जहाज धक्क्यापासून सुटलं आणि फोर्ट कोची आणि वैपीन यांच्यामधल्या तोंडातून बाहेर पडलं. उजव्या-डाव्या हाताला ती प्रसिद्ध चिनी मासेमारी जाळी, मोठ्या कोळी-किड्यासारखी पाय पसरून बसलेली. नवऱ्याचं आजोळ रत्नागिरीकडचं. त्यामुळे डेकवर उभं राहून समुद्राबद्दल माहिती देण्याची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली. "आमच्या रक्तातच खारं पाणी आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अंधार पडला तसे मोबाइलचे सिग्नल गेले. सगळे डेकवर आले आणि वर बघायला लागले. चांदण्यांचं वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगते की आईनं धाकट्याला मृगाचा बाण दाखवला आणि त्यानं पहिल्यांदाच न विचारता मान्य केलं.

दुसरा दिवस: कवरत्ती

नकाशात पाहिलं तर कवरत्ती हे मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. कोचीहून आपण पश्चिमेकडे जातो, त्यामुळे सूर्योदयही कोचीपेक्षा जरा उशिरा. सकाळी डेकवर गेले तर समोर जमीन नाहीच. पाण्यातून नारळाचे शेंडे तेवढे वर आलेले. जवळ गेल्यावर शेंड्यांखाली खोडं आली, खोडांखाली पांढरी रेघ. हे बेट म्हणजे समुद्रातून कुठे दोन, कुठे तीन-चार मीटर डोकं वर काढलेली वाळू. तिच्यावर अकरा हजार माणसं राहतात, आणि १९६४ पासून ही केंद्रशासित प्रदेशाची राजधानी आहे. शाळेच्या भूगोलात 'कंकणद्वीप' असा शब्द पाठ केला होता. प्रवाळाचं कडं, आत उथळ शांत लगून, आणि त्या कड्याच्या एका बाजूवर साचलेली वाळू म्हणजे बेट. परीक्षेत पाच मार्कांना होतं. त्या पाच मार्कांचा खरा अर्थ पुढच्या अर्ध्या तासात समजला.

लगून उथळ, म्हणून मोठं जहाज आत जात नाही. ते बाहेर खोल समुद्रात उभं राहतं. जहाजाच्या पोटाला, पाण्याच्या जरा वर, एक दार उघडतं. दाराशी छोटी बोट येऊन लागते. जहाज आपल्या लयीत हलतं, बोट तिच्या लयीत. कधी बोट दाराच्या पातळीला, कधी कमरेइतकी खाली. मधल्या फटीत निळंकाळं पाणी चुबुक चुबुक करतं. आणि त्या फटीवरून आपण पलीकडे जायचं.

आईनं दारातून खाली पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. पाचावर धारण बसली होती, पण बोलण्यात ती माघार घेणारी नाही. "अगं, हेच ते 'सगळं बसून'?"

दारात एक खलाशी उभा होता, साधारण पन्नाशीचा, अनवाणी. बोटीत दुसरा. पहिल्यानं आईचा दंड धरला, पण ओढलं नाही. नुसता धरून उभा राहिला. बोट वर आली, तो काही बोलला नाही. खाली गेली. पुन्हा वर आली, पुन्हा गप्प. आई माझ्याकडे बघायला लागली. तिसऱ्या खेपेला बोट दाराला अगदी लागून वर आली आणि क्षणभर तिथेच थांबल्यासारखी झाली. "इप्पो!" तो म्हणाला. मल्याळममध्ये 'आत्ता'. आईनं पाय उचलला आणि पलीकडे टाकला, घराचा उंबरा ओलांडावा तसा. उडी नाही, काही नाही. बोटीतल्यानं दुसरा दंड धरून तिला फळीवर बसवलं आणि लगेच पुढच्याकडे वळला.

"काही नाही गं," आई बसल्या बसल्या मला म्हणाली, "लाट वर आली की पाय टाकायचा." मी मात्र घाईत लाट खाली जाताना पाय टाकला आणि गुडघ्यावर आपटले. त्याचा काळानिळा डाग परत आल्यावरही पंधरा दिवस होता.

प्रवाळाच्या कड्यातल्या एका वाटेनं बोट आत शिरली आणि पाण्याचा रंगच बदलला. दौतीतल्या शाईचा गडद निळा मागे राहिला, समोर फिकट हिरवट, इतकं पारदर्शक की आमच्या बोटीची सावली खाली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर पळताना दिसत होती. धाकटा त्या सावलीतच आपलं डोकं शोधत बसला. हात हलवला, सावलीनं हलवला.

किनाऱ्यावर शहाळी, मग कयाक, काचेच्या तळाची बोट वगैरे. हे सगळं नेहमीचं आणि नेहमीसारखं छान. जेवणात भात, सांबार, ट्यूनाची आमटी. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते मात्र पिण्याचं पाणी.

अशा बेटाला नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. विहिरी त्या थरावर. जास्त उपसलं की खालून खारं वर येतं. आईचं बालपण विहिरीच्या घरात गेलेलं, तिला हे लगेच पटलं. "आमच्याकडेही उन्हाळ्यात विहीर ओरबाडू देत नसत." पण माणसं वाढली तसा तो थर पुरेना. म्हणून २००५ साली कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा एक प्रकल्प उभा राहिला, दिवसाला एक लाख लिटरचा. त्याची युक्ती सुंदर आहे. बेटाचा उतार इतका उभा की किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र साडेतीनशे मीटर खोल. तिथलं पाणी थंडगार. वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडलं की हवेचा दाब जवळजवळ नसल्यामुळे त्याची न तापवताच वाफ होते, आणि ती वाफ खालच्या थंड पाण्यानं निववली की गोडं पाणी. मीठ मागे राहतं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं हे काम. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. पेल्यातलं पाणी पिऊन लेक म्हणाली, "हे नाही जहाजानं." तिच्या यादीतला पहिला अपवाद.

दुपारी गावातून फेरी. गावात जाताना अंगभर कपडे घालायचे, तेवढा संकेत सगळ्यांनी पाळला, एका जोडप्याचा अपवाद वगळता. त्यांना गाइडनं गोड बोलून परत किनाऱ्यावर पाठवलं. रस्ते अरुंद, काँक्रीटचे, दोन्हीकडे नारळ आणि शेवगा. उज्रा मशिदीचं कोरीव लाकूडकाम पाहिलं. छताचं लाकूड समुद्रात वाहत आलेलं होतं असं सांगतात, आणि खरं असो-नसो, अशा ठिकाणी दुसरं लाकूड येणार कुठून, हा मुद्दा उरतोच. संध्याकाळी कोलकळी नाच, म्हणजे आपल्या टिपऱ्यांचा लांबचा भाऊ. फक्त पुरुष नाचतात आणि शेवटी शेवटी वेग असा वाढतो की काठ्या दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

परतताना बोटीतून जहाजात. उलटा प्रवास, पण तत्त्व तेच. तोच खलाशी दारात. आईनं त्याच्याकडे पाहून स्वतःच विचारलं, "इप्पो?" तो हसला, मान हलवली. नाही. मग पुढच्या लाटेला, "इप्पो."

तिसरा दिवस: कल्पेनी

कल्पेनी लहान. लगून मात्र ऐसपैस, आणि त्याच लगूनमध्ये तिलक्कम, पिट्टी अशी चिमुकली निर्मनुष्य बेटं. बेटाच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा लांबलचक बांध आहे. कोणी बांधलेला नव्हे. १८४७ च्या भयंकर वादळात समुद्रानं आणून टाकलेला. बांधावर चालताना पायाखाली काचेच्या बांगड्या फुटल्यासारखा आवाज येतो. आई म्हणाली, "पावणेदोनशे वर्षांपूर्वीची रात्र आहे ही." पुढे काही बोलली नाही.

आजचा मुख्य कार्यक्रम स्नॉर्केलिंग. तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, पालथं पडून पाण्यात पाहायचं. पहिली दहा मिनिटं मी फक्त खारं पाणी प्यायले. मग श्वास जमला आणि कान पाण्याखाली गेले तसा एक आवाज ऐकू आला. कुरूम कुरूम, कोणीतरी शेजारी बसून चणे-फुटाणे खात असल्यासारखा. वळून पाहिलं तर हिरवा-निळा, वीतभर लांबीचा पोपटमासा, चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा दगड खरवडत होता. खरवडायचा, थोडं पुढे जायचा आणि मागून पांढऱ्या धुरासारखी रेघ सोडायचा. ती रेघ म्हणजे वाळू. त्याला खायचं असतं दगडावरचं शेवाळ, दगड फुकट पोटात जातो आणि दळून बाहेर पडतो. आम्ही ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर लोळत होतो, त्यातला बराचसा भाग या माशाच्या पोटातून आलेला. धाकट्याला हे सांगितल्यावर त्यानं वाळूचा किल्ला करणं थांबवलं. मग दुप्पट आनंदानं सुरू केलं.

पण सगळं रंगीत चित्रपट नव्हतं. मोठमोठे पट्टे करडे, शेवाळलेले, फांद्या मोडलेल्या. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळातले जीव आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात. रंगही तेच देतं आणि बहुतेक अन्नही. ते गेलं की प्रवाळ पांढरं पडतं, आणि ताप टिकला तर मरतं. १९९८, २०१०, २०१६ आणि अलीकडे २०२४, असे मोठे फटके लक्षद्वीपला बसलेत. आमच्या गाइडनं, पंचविशीच्या मुलानं, एका जागेकडे बोट दाखवलं. "मी शाळेत होतो तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नव्हती. आता तुम्ही उभे राहू शकता." तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. पण प्रवाळाचं कडं मेलं तर लाटा अडवणार कोण, हे त्यालाही ठाऊक आहे आणि त्याच्या घरालाही.

दुपारी एक किरकोळ प्रकरण झालं. धाकट्यानं किनाऱ्यावर एक सुंदर शंख उचलून खिशात टाकला, त्याबरोबर प्रवाळाचा एक फांदीसारखा तुकडाही. प्रवाळ नेणं गुन्हा आहे. कडक प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मला हे माहीत होतं, पण त्याचा खिसा माहीत नव्हता. बोटीत बसल्यावर तो एकदम किंचाळला. शंख खिशात चालायला लागला होता. आत संन्यासी खेकडा. पाय बाहेर काढून, डोळ्यांच्या दोन काड्या ताठ करून, तो माझ्या मुलाच्या चड्डीच्या खिशातून बाहेर डोकावत होता, भाड्याच्या घरासकट अपहरण झालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. बोट अजून किनाऱ्यालाच होती. धाकटा मुकाट्यानं उतरला, खेकडा जिथून उचलला तिथेच नेऊन ठेवला आणि न सांगता प्रवाळाचा तुकडाही काढून टाकला.

माझ्या पोटऱ्यांची मागची बाजू त्या दिवशी उन्हानं भाजून निघाली. चेहऱ्याला क्रीम लावलं होतं. पालथं पडून पोहणाऱ्या माणसाचा चेहरा पाण्यात असतो, हा साधा विचार डोक्यात आला नाही. तुम्ही जाणार असाल तर पोटऱ्या विसरू नका.

रात्री नाइन डिग्री चॅनेल ओलांडायचं होतं. लक्षद्वीपची बाकीची बेटं आणि मिनिकॉय यांच्यामध्ये, नऊ अंश उत्तर अक्षांशावर, हा रुंद मोकळा समुद्र पसरला आहे. मध्यरात्रीनंतर जहाज असं डोलायला लागलं की टेबलावरची बाटली इकडून तिकडे गडगडत गेली आणि पुन्हा आली. आई शांत झोपली होती. लेक झोपली होती. ज्यांच्या रक्तात खारं पाणी होतं ते मात्र रात्रभर बेसिनशी उभे होते. सकाळी मी काही बोलले नाही. आईनं लिंबू दिलं आणि म्हणाली, "जावईबापू, रत्नागिरीचा समुद्र वेगळा असेल हो."

चौथा दिवस: मिनिकॉय

हे बेट बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे हे बोटीतूनच कळतं. चंद्रकोरीसारखा आकार, टोकाशी पांढरं दीपगृह, आणि काठाला लांब, टोकं उचललेल्या, रंगवलेल्या शर्यतीच्या होड्या. इथल्यांना त्या जीव की प्राण. त्यांना इथे 'जहाधोनी' म्हणतात. लोक आपल्या बेटाला मलिकू म्हणतात. बाकी बेटांवर मल्याळमच्या जवळची जेसरी बोलतात. इथे महल बोलतात, म्हणजे मालदीवची धिवेही भाषा. दक्षिणेला एट डिग्री चॅनेल ओलांडलं की मालदीवच.

पाऊल टाकायच्या वेळी समुद्र जरा उसळला होता. पर्यटकांपैकी दोघींनी दारातूनच परत जायचं ठरवलं. आईनं पदर खोचला. "हे पाचवं," ती म्हणाली. ती मोजत होती हे मला तेव्हा कळलं. बोट वर आली, खाली गेली, वर आली. खलाशी काही बोलायच्या आतच तिनं पाय टाकला. अचूक. त्यानं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

दीपगृह १८८५ सालचं, ब्रिटिशांनी बांधलेलं. आई खालीच एका सावलीत बसली, आम्ही चौघं वर. गोल गोल जिना, मग आणखी गोल. मी आणि लेकीनं पायऱ्या मोजल्या आणि वर पोचल्यावर दोघींचे आकडे अठरानं वेगळे निघाले. परत मोजायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी उभी शिडी, आणि मग वारा. वरून ते पाच मार्कांचं चित्र जसंच्या तसं पुढ्यात होतं: बाहेर काळपट निळा समुद्र, कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी किनार, आत लगूनच्या हिरव्या-निळ्या छटा, आणि या सगळ्याच्या काठाला नारळाची दाट झालर. ती इतकी दाट की तिच्याखाली दहा हजार लोकांची वस्ती आहे हे वरून कळतच नाही. नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच माणसात आला. इथली जमीन हलत नव्हती.

खाली आलो तर आई सावलीत नव्हती. जीव धडधडायला लागला. पाच मिनिटं शोधाशोध केली, तर पलीकडच्या एका घराच्या ओट्यावर बसलेली सापडली. शेजारी तिच्याच वयाच्या एक आजी. लांब अंगरखा, डोक्याला लाल रुमाल. दोघींच्या मध्ये एका ताटलीत काहीतरी काळपट लाकडासारखं. आणि दोघी बोटं मोजत होत्या.

"बस, बस," आई म्हणाली, "ऐक तर." आणि त्या आजींना खूण केली.

आजींनी अंगठा धरला. "एके." मग पुढचं बोट. "दे. तिने. हत्थरे. फहे." निदान आमच्या कानांना तरी तसं ऐकू आलं. आईनं तिच्या बोटांवर: एक, दोन, तीन, चार, पाच. "हये, हत्ते, अशे." सहा, सात, आठ. "नुवये. दिहये." नऊ, दहा. दहावर पोचल्यावर दोघी एकदम हसल्या. आईच्या भाषेत ते घरचं होतं. चार दिवस कानावर मल्याळम पडत होतं, एक अक्षर कळत नव्हतं, आणि इथे, महाराष्ट्रापासून सगळ्यात दूरच्या बेटावर, आकडे ओळखीचे निघाले.

त्यात जादू नाही, इतिहास आहे. धिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण, आणि दोघी मराठीच्याच इंडो-आर्य कुळातल्या. मध्ये अख्खा दक्षिण भारत द्रविड भाषा बोलतो, पण समुद्र उडी मारून हे कूळ इथे येऊन बसलं. माशाला धिवेहीत 'मस' म्हणतात. मत्स्यपासून आपला मासा, त्यांचा मस. ताटलीतला तो काळपट लाकडाचा तुकडा तोच होता: मसमीन. ट्यूनाचे तुकडे मिठाच्या पाण्यात उकळायचे, धुरावर धरायचे, मग उन्हात वाळवायचे, ते लाकडासारखे टणक होईपर्यंत. आमची आई शाकाहारी. पण तिनं तो तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "आपल्याकडे बोंबील वाळवतात तसंच की." शाकाहारी बाईला बोंबलाचं इतकं ज्ञान कुठून, हे मी विचारलं नाही.

आजींचा नातू आला, त्याला हिंदी येत होतं. त्याचे वडील मालवाहू जहाजावर, आजोबाही तसेच. मिनिकॉयच्या पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या जगातल्या जहाजांवर नोकऱ्या केल्यात. घर, गाव, पंचायत बायका सांभाळतात. बेटाची वेगवेगळी गावं आहेत, प्रत्येक गावाचं सार्वजनिक घर आहे, पुरुषांचा मुखिया वेगळा आणि बायकांची वेगळी. लेकीनं त्याला लिपी लिहून दाखवायला सांगितली. उजवीकडून डावीकडे त्यानं तिचं नाव लिहिलं. या लिपीची, थाना तिचं नाव, एक गंमत आहे: तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून बनलीत आणि पुढची नऊ तिथल्या जुन्या आकड्यांवरून. म्हणजे ज्यांच्याशी आईनं आकड्यांवरून मैत्री केली, त्यांची मुळाक्षरंही आकडेच. लेक तो कागद घडी करून पाकिटात ठेवते, अजूनही.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासेमारीची एक बोट परत आली. इथे ट्यूना जाळ्यानं नव्हे, गळानं पकडतात. आधी लगूनमध्ये बारीक मासे जिवंत पकडून ठेवायचे, समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते सोडायचे आणि वरून पाणी शिंपडायचं. पाणी खवळलं की ट्यूनाला वाटतं अन्नाचा सडा पडलाय. मग काठीला बांधलेला, उलटा काटा नसलेला गळ टाकायचा आणि झटक्यात मासा मागे बोटीत. गळाला उलटा काटा नाही म्हणून मासा आपोआप सुटतो आणि हात लगेच मोकळा. बोटीतल्या एका मुलानं रिकाम्या काठीनं आम्हाला ती लकब करून दाखवली. मनगटाचा एक झटका, आणि काठी डोक्यावरून मागे. धाकट्यानं परतीच्या सगळ्या वाटेवर पाण्याच्या बाटलीनं तेच केलं.

निघताना त्या आजी धक्क्यावर आल्या होत्या. ओट्यापासून धक्का लांब होता, तरी आल्या. आईनं पर्समधून तिळाची वडी काढून दिली. त्यांनी काही न बोलता पाच बोटं दाखवली, मग पुन्हा पाच. दहा. आईनंही दाखवली. त्याचा अर्थ काय होता ते त्या दोघींनाच माहीत.

जहाजात चढताना आईनं "सहावं" म्हटलं आणि खलाशाच्या खांद्यावर थोपटलं.

पाचवा दिवस: कोची

परतीचा समुद्र गुळगुळीत होता. नवऱ्यानं सकाळी दोन इडल्या खाल्ल्या आणि खारं पाणी रक्तात असण्याबद्दल पुन्हा काही बोलायला तोंड उघडलं, पण आईनं लिंबू पुढे केलं. तो गप्प बसला. दुपारी मोबाइल एकदम वाजायला लागले, चार दिवसांचे निरोप एकामागून एक. पाठोपाठ चिनी जाळी दिसली.

इथे उतरायला पक्का जिना होता. एक टोक जहाजाला बांधलेलं, दुसरं धक्क्याच्या सिमेंटवर घट्ट टेकलेलं, दोन्ही बाजूंना कठडे. माझ्यापुढची माणसं बॅगा ओढत धडाधड उतरत होती. आई शेवटच्या पायरीवर आली आणि थांबली. मागे रांग खोळंबली. ती खाली जमिनीकडे बघत होती, एक पाय किंचित उचलून.

"आई, काय झालं? गुडघा?"

तिनं उत्तर दिलं नाही. वळून वरच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या अनवाणी खलाशाकडे पाहिलं. "इप्पो?"

तो वरून ओरडला, "इप्पो, अम्मा!"

मग तिनं पाय टाकला.